डाव्या हाताचे संगीत

पियानोपुढे बसलेल्या वादकाच्या दोन हातांना सारखा मान नसतो. उजव्या हाताच्या वाट्याला स्वरावली, अलंकार आणि श्रोत्यांची वाहवा येते. डाव्या हाताकडे आधार देण्याचे आणि लय सांभाळण्याचे काम राहते. गवई आणि त्याच्यामागे बसलेला तंबोरेवाला यांच्या मानात जो फरक, तसाच काहीसा हा फरक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मजुरांच्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे पियानोवादन रूढ होऊ लागले आणि ज्याला पुढे ‘बुगी-वुगी’ असे खेळकर नाव मिळाले, त्याने ही व्यवस्था उलटी केली. येथे डावा हात धनी आहे. तो जे एकदा धरतो ते शेवटपर्यंत सोडत नाही, आणि उजव्या हाताला जे काही सुचते ते त्याच्या परवानगीने सुचते. जाझच्या इतिहासात या वादनाला कोठे बसवावे याविषयी इतिहासकारांची जी ओढाताण झाली, तिचे मूळही या डाव्या हातातच आहे.

या संगीताची घडण समजून घेण्यास भारतीय श्रोत्याला फार दूर जावे लागत नाही. स्वतंत्र तबलावादनाच्या वेळी सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरला जातो. तेच स्वर, तेच वळण, आवर्तनामागून आवर्तन न बदलता चालू राहते, आणि त्याच्या भरवशावर तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडून पुन्हा समेवर येतो. बुगी-वुगीत डावा हात लेहऱ्याच्या जागी आणि उजवा हात तबलजीच्या जागी. भेद इतकाच की दोन्ही कामे एकाच माणसाने करावयाची. आवर्तन ब्लूज या गीतप्रकाराचे. चार चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. पहिले चार खंड षड्जाच्या स्वरसंघावर, नंतरचे दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग पंचमाकडे जाऊन खाली उतरणारे दोन आणि अखेरचे दोन घरी, षड्जावर. डावा हात प्रत्येक मात्रेला दोन आघात करतो. एका खंडात असे आठ आघात पडतात आणि या आठ आघातांवरूनच हे वादन ओळखले जाते. ते नेहमी समान अंतराचे असतात असे नाही. पुष्कळ वादक जोडीतला पहिला आघात किंचित लांबवतात व दुसरा आखडता घेतात, आणि त्या चालीला झोका येतो.

उजव्या हाताची अडचण निराळी. ब्लूजमधला गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्धही नाही. गायक तो गळ्याने दोहोंच्या मध्ये कोठेतरी लावतो. पियानोच्या पट्ट्यांना ते साधत नाही. पेटीचीही मर्यादा हीच, आणि इतर कारणांबरोबर याही कारणासाठी भारतीय नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या केंद्रांच्या दाराबाहेर ठेवले होते. अमेरिकेच्या जंगलातील वादकांना असे सोवळे पाळण्याची सोय नव्हती. समोर जे वाद्य होते त्यावरच भागवणे प्राप्त होते. त्यांनी कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार जवळजवळ एकदमच दाबून, एकावरून दुसऱ्यावर बोट घसरवून, मींडेचा आभास उत्पन्न केला. वाद्याच्या उणिवेतून निघालेली ही युक्ती पुढे शैलीचा अलंकार ठरली.

हे जंगल म्हणजे टेक्सस राज्याचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेला लुइझियाना. पाइन वृक्षांचा हा विस्तीर्ण प्रदेश. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्य मिळाले, परंतु जमीन मिळाली नाही. पोट भरण्यासाठी त्यांच्यातील असंख्य माणसे लाकूडतोडीच्या, टर्पेंटाइन गाळण्याच्या आणि रूळ टाकण्याच्या कामावर गेली. गावापासून दूर, रानात त्यांच्या छावण्या पडत. मजूर टिकून राहावेत म्हणून छावणीत गुत्त्याची सोय केलेली असे. पिंपांवर फळ्या टाकल्या की गुत्ता झाला, आणि म्हणूनच या जागांना ‘बॅरलहाउस’ म्हणजे पिंपांचे घर असे नाव पडले. कोपऱ्यात एक पियानो असे. पियानोवादक मात्र छावणीचा नसे. तो मालगाडीच्या डब्यात चढून एका छावणीतून दुसरीकडे, तेथून रेल्वेच्या एखाद्या जंक्शनाकडे असा फिरत राही. या फिरत्या मंडळींमुळे एका छावणीतील डाव्या हाताची चाल शंभर कोसांवरच्या दुसऱ्या छावणीत पोहोचे. दक्षिणेकडील लोक या वादनाला ‘फास्ट वेस्टर्न’ म्हणत. ते पश्चिमेकडून आले आहे याची ही खूण. टेक्सस-लुइझियाना सीमेजवळच्या मार्शल या रेल्वेच्या गावाने एकविसाव्या शतकात आपणच बुगी-वुगीचे जन्मस्थान असल्याचा दावा मोठ्या समारंभाने मांडला आहे.

आगगाडीच्या चाकांचा ठेका हाच या संगीताचा जनक, असे पुष्कळांनी लिहिले आहे. रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा खडखडाट या वादनात ऐकू येतो हे खरे, आणि कित्येक रचनांची नावेही आगगाडीवरून ठेवलेली आहेत. तथापि या काव्यमय कारणापेक्षा एक साधे कारण अधिक पटण्याजोगे आहे. गुत्त्यात ढोल वाजवणारा नव्हता, खर्जाचे तंतुवाद्य नव्हते, तुतारी नव्हती. दिवसभर कुऱ्हाड चालवून आलेल्या माणसांना रात्रभर नाचावयाचे होते आणि त्यांच्या गोंगाटावर मात करील असा आवाज हवा होता. वाद्यवृंदाचे हे सगळे काम एकट्या माणसाने, बहुधा बिघडलेल्या सुरांच्या पियानोवर, करावयाचे होते. अशा वेळी डाव्या हाताला क्षणाचीही उसंत मिळणे शक्य नव्हते. तो थांबला असता तर नाच थांबला असता.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत जे स्थलांतर सुरू झाले ते १९७० पर्यंत चालले आणि त्यात सुमारे साठ लाख माणसे हलली. शिकागोत १९१० साली कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे ४४ हजार होती. १९३० मध्ये ती सुमारे २ लाख ३४ हजार झाली. या सर्वांना शहराच्या दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यातच घरे मिळत. मागणी फार, जागा थोडी. साहजिकच भाडी चढली. महिनाअखेरीस भाडे तुंबले की भाडेकरू आपल्या खोलीतले सामान बाजूला सारून, एखादा पियानोवादक बोलावून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाममात्र प्रवेशमूल्यावर नाचायला बोलावी. खाणेपिणे विकून चार पैसे अधिक मिळत. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, पण या बैठकांना तिची फारशी झळ पोहोचली नाही. गुत्त्यातील पियानो अशा रीतीने चाळीतल्या खोलीत आला, आणि त्याच्याबरोबर डाव्या हाताचे ते अखंड आवर्तनही आले.

याच काळात शिकागो ही जाझची राजधानी बनली होती. तेथे पियानोवादकांचे दोन वर्ग होते आणि ते एकमेकांत फारसे मिसळत नसत. एक वर्ग चित्रपटगृहांच्या आणि नृत्यगृहांच्या वाद्यवृंदांतील, स्वरलिपी वाचणाऱ्या, सूटबूट घालणाऱ्या वादकांचा. अर्ल हाइन्स हा त्यांच्यातील अग्रणी. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ज्याने आपला वाद्यवृंद गाजवला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यास पटकीने ज्याचा अंत झाला, तो टेडी वेदरफर्डही याच शिकागोच्या मंडळीतला. दुसरा वर्ग भाड्याच्या बैठकींत वाजवणाऱ्यांचा. ते दिवसा टॅक्सी हाकीत, हमाली करीत, मोटारी धूत. वादन हा त्यांचा रात्रीचा उद्योग. पहिल्या वर्गाचे जाझ जगभर, अगदी मुंबईपर्यंत, प्रवास करीत असताना दुसऱ्या वर्गाचे संगीत स्वतःच्या शहरातले दोन-चार रस्तेही ओलांडू शकले नव्हते. बुगी-वुगीचे जाझशी नाते सांगताना हा वर्गभेद पुष्कळदा नजरेआड केला जातो.

छापील कागदावर या शैलीच्या खुणा १९१६ पासून दिसतात. टेक्ससचा जॉर्ज टॉमस याने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू ऑर्लिन्स हॉप स्कॉप ब्लूज’ या रचनेत डाव्या हाताची ही चाल आहे. त्याचा धाकटा भाऊ हर्सल हा शिकागोच्या बैठकींतला चमत्कार मानला जाई. तो १९२६ मध्ये विशीच्या उंबरठ्यावरच वारला. पण या संगीताला नाव दिले ते अलाबामाहून आलेल्या क्लॅरेन्स ऊर्फ ‘पाइनटॉप’ स्मिथ याने. २९ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत त्याची ‘पाइनटॉप्स बुगी-वुगी’ ही ध्वनिमुद्रिका घेतली गेली. तीत तो केवळ वाजवत नाही. वाजवता वाजवता बोलतो, नाचणाऱ्यांना केव्हा थबकायचे आणि केव्हा अंग हलवायचे याच्या सूचना देतो. पियानोही त्या सूचनेबरहुकूम थबकतो आणि पुन्हा धावू लागतो. बंद खोलीत, यंत्रापुढे बसलेल्या त्या तरुणाच्या डोळ्यांसमोर आपली बैठकच होती, हे तीन मिनिटांच्या त्या तबकडीतून स्पष्ट कळते. तबकडी खपू लागली. अडीच महिन्यांनी, १५ मार्च १९२९ रोजी, एका नृत्यगृहातील दंग्यात गोळी लागून स्मिथ मरण पावला. तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते.

शिकागोत स्मिथ ज्या इमारतीत राहत होता, तेथेच आणखी दोन तरुण वादक राहत असत. अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुईस हे ते बालमित्र. दोघेही एकाच कंपनीच्या टॅक्सी चालवीत. लुईसने डिसेंबर १९२७ मध्येच ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ ही आपली रचना ध्वनिमुद्रित केली होती. आगगाडीवरील सर्व पियानोरचनांत ही श्रेष्ठ म्हटली पाहिजे. डावा हात चार मात्रांच्या चालीने धावत असता उजवा हात तीनतीनच्या गटांनी त्याला आडवा जातो, आणि लयकारीची आवड असलेल्या कोणाही भारतीय श्रोत्याने दाद द्यावी असा तिढा उत्पन्न होतो. परंतु काळ वाईट होता. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. १९२७ साली त्या देशात सुमारे दहा कोटी ध्वनिमुद्रिका खपल्या होत्या. १९३२ मध्ये साठ लाखांच्या आसपास खपल्या. गरिबांसाठी काढलेल्या तबकड्या प्रथम बंद झाल्या. ज्या कंपनीने लुईसची तबकडी काढली होती ती बुडाली, आणि लुईस विस्मृतीत गेला.

त्याला शोधून काढले जॉन हॅमंड या न्यूयॉर्कच्या तरुणाने. हॅमंड व्हँडरबिल्ट या कोट्यधीश घराण्याचा दौहित्र. वर्णभेदाविषयी मनस्वी चीड आणि ब्लूजविषयी वेड, या दोन गोष्टींनी त्याचे आयुष्य व्यापले होते. लुईसची जुनी तबकडी त्याच्या कानी पडली आणि तो या वादकाचा माग काढू लागला. अखेर १९३५ मध्ये अ‍ॅमन्सच्या मदतीने लुईस सापडला, तो शिकागोतील मोटारी धुण्याच्या एका जागी. त्याच वर्षी त्याची ती रचना पुन्हा ध्वनिमुद्रित झाली, पण इंग्लंडमधील ग्राहकांसाठी. आपल्या देशात ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याची तबकडी परदेशी रसिकांनी मागवावी, हा प्रकार जाझच्या इतिहासात नवा नव्हता.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात हॅमंडने ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ हा जलसा घडवून आणला. कृष्णवर्णीयांच्या संगीताचा भजनांपासून अद्ययावत वाद्यवृंदापर्यंतचा प्रवास एकाच रात्री, एकत्र बसलेल्या गोऱ्याकाळ्या श्रोत्यांपुढे मांडावा, असा त्याचा हेतू होता. या कल्पनेला पैसा देण्यास प्रतिष्ठित संस्था तयार होईनात. शेवटी ‘न्यू मासेस’ हे डाव्या विचारांचे साप्ताहिक पुढे आले. त्या रात्री अ‍ॅमन्स, लुईस आणि कॅन्सस सिटीहून आलेला पीट जॉन्सन यांनी बुगी-वुगी वाजवली. जॉन्सनबरोबर त्याचा जुना सोबती जो टर्नर गात होता. हा धिप्पाड गायक कॅन्सस सिटीच्या एका गुत्त्यात ग्राहकांना दारू देता देता गात असे, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात असे. आजवर हे संगीत ज्यांनी ऐकले ते नाचता नाचता ऐकले होते. आता लोक खुर्च्यांवर बसून, हात मांडीवर ठेवून ते ऐकत होते.

पुढील दोन आठवड्यांत जे घडले ते पाहिले की त्या रात्रीचे मोल कळते. दुसऱ्याच दिवशी लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी या तिघांचे वादन राष्ट्रीय ग्रंथालयासाठी मुद्रित करून घेतले. ३० डिसेंबरला जॉन्सन आणि टर्नर यांची ‘रोल एम पीट’ ही तबकडी झाली. ग्रेनिच व्हिलेजमध्ये नुकत्याच निघालेल्या ‘कॅफे सोसायटी’ या उपाहारगृहात, जेथे गोऱ्याकाळ्यांना एका मेजाशी बसता येई, तिघांना काम मिळाले. कार्नेगीच्या श्रोत्यांत जर्मनीहून आलेला आल्फ्रेड लायन नावाचा एक निर्वासित ज्यू तरुण होता. पियानोच्या त्या नादाने तो इतका भारला की ६ जानेवारी १९३९ रोजी त्याने अ‍ॅमन्स आणि लुईस यांना एका स्टुडिओत बोलावून स्वतःच्या खर्चाने त्यांचे वादन मुद्रित केले. ‘ब्लू नोट’ या कंपनीचा हा आरंभ. याच कंपनीने १९४७ पासून थेलोनिअस मंकच्या आणि पुढे आधुनिक जाझमधील कितीतरी थोर वादकांच्या तबकड्या काढल्या. आधुनिक जाझचे एवढे मोठे घर बुगी-वुगीच्या पायावर उभे राहिले, आणि त्या घरात पुढे बुगी-वुगीला खोली उरली नाही.

यानंतर लाट आली. टॉमी डॉर्सी याच्या वाद्यवृंदाने पाइनटॉपची रचना १९३८ मध्येच आपलीशी केली होती. युद्धकाळात तिच्या प्रती लाखांनी खपल्या. १९४० आणि १९४१ मध्ये आठ आघातांच्या आणि बिगुलवाल्या शिपायांच्या गाण्यांनी अमेरिकन रेडिओ व्यापला. वाद्यवृंदांनी, गायक भगिनींनी, चित्रपटांनी जो तो ठेका उचलला. १९४० मध्ये युद्धाच्या वणव्यातून सुटून न्यूयॉर्कला आलेला डच चित्रकार पीत मोंद्रिआन या संगीताने मोहून गेला आणि १९४२-४३ मध्ये त्याने ‘ब्रॉडवे बुगी-वुगी’ हे आपले प्रसिद्ध चित्र रंगवले. लाल, निळे, पिवळे लहान चौकोन सरळ रेषांवरून ठोके पडल्यासारखे सरकत जातात. या लाटेतील बहुतेक संगीतापेक्षा हे मूक चित्रच मूळ वस्तूच्या अधिक जवळ आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शब्द मात्र आपल्या अर्थापासून सुटला आणि हिंडत राहिला. भारतातल्या घरोघरी तो १९९६ मध्ये पोहोचला तो दूरचित्रवाणीवरील एका नृत्यस्पर्धेचे नाव म्हणून. पियानोचा त्याच्याशी काही संबंध आहे याची बहुतेकांना कल्पनाही नव्हती.

या सर्व गलबल्यात एक माणूस शिकागोतच राहिला. जिमी यान्सी हा अ‍ॅमन्स आणि लुईस या दोघांनाही गुरुस्थानी होता. लहानपणी नर्तक म्हणून फिरत्या मंडळींबरोबर तो युरोपपर्यंत जाऊन आला होता. पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्याने ‘व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल संघाच्या मैदानाची निगा राखण्याची नोकरी केली. पियानो तो मित्रांच्या घरी वाजवी. त्याची पहिली ध्वनिमुद्रणे १९३९ मध्ये झाली, म्हणजे शिष्यांची कीर्ती पसरल्यानंतर. त्याच्या वादनात धावपळ नाही. लय मध्यम, स्पर्श हलका, दोन स्वरांमध्ये पुष्कळ मोकळी जागा. रचना कोणत्याही स्वरात चालू असो, अखेरीस तो ठरावीक कोमल ‘ई’ या सुरावरच्या दोन ठोक्यांनी ती मिटवी. आपली सही करावी तशी.

लुईसने १९३६ मध्ये ‘यान्सी स्पेशल’ या नावाची एक तबकडी केली होती. तिचा प्राण होता डाव्या हाताची एक आकृती, आणि ती आकृती कोणाची हे नावातच सांगितले होते. १९४८ मध्ये सनी टॉम्पसन याची ‘लाँग गॉन’ ही तबकडी गाजली. तिच्यात हीच खर्जाची चाल उचलली आहे, असा आरोप करून ‘यान्सी स्पेशल’चे हक्क असलेल्या प्रकाशकाने शिकागोतील संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. १९५० मध्ये निकाल लागला आणि दावा फेटाळला गेला. न्यायालयाचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, ही खर्जाची आकृती इतकी साधी आहे की तिच्यात कायद्याने जपावी अशी निर्मिती नाही. दुसरे, तबकड्या विकणे म्हणजेच रचना प्रसिद्ध करणे होय. तेव्हा नोंदणी न करता तबकड्या बाजारात आल्या त्याच क्षणी मूळ हक्क संपला. यांतील दुसरा मुद्दा अमेरिकेच्या काँग्रेसने १९९७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून निकालात काढला. यान्सी १९५१ च्या सप्टेंबरातच वारला होता.

न्यायालयाच्या पहिल्या मुद्द्यात काही तथ्य नाही असे नव्हे. उद्या कोणी एखाद्या त्रितालातील लेहऱ्यावर मालकी सांगू लागला तर तबलजींनी करावे काय? समाईक वस्तू समाईक राहिली पाहिजे, आणि छावणीछावणीतून फिरलेली चाल ही समाईकच होती. पण त्याच न्यायाने उजव्या हाताच्या लकेरी, ज्या तितक्याच जुन्या आणि तितक्याच उसन्या होत्या, त्या मात्र कागदावर उतरताच मालमत्ता ठरत. ज्या वादनात सारी प्रतिभा एका साध्या चालीला कसे डुलवावे, किती दाबावे, कोठे श्वास घेऊ द्यावा यांत खर्च होते, त्यातील प्रतिभा मोजण्याचे माप कायद्याजवळ नव्हते.

जाझच्या इतिहासकारांजवळही ते नव्हते. १९४० च्या सुमारास जुन्या जाझच्या अभिमान्यांनी बुगी-वुगीला आद्य, निर्मळ लोककला म्हणून डोक्यावर घेतले. आधुनिकांनी तिला कंटाळवाणी पुनरुक्ती म्हणून बाजूला सारले. पहिल्यांना तिच्यात जाझचे बालपण दिसले, दुसऱ्यांना मतिमंदपणा. वस्तुतः ती जाझची जननीही नाही आणि अपत्यही नाही. दोघेही ब्लूजच्या घरात वाढलेले भाऊबंद आहेत. जाझ-पियानोचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रवास पाहिला तर तो डाव्या हाताला क्रमाक्रमाने मोकळे करण्याचा प्रवास आहे. हार्लेमच्या वादकांचा डावा हात खर्ज आणि मध्य सप्तक यांमध्ये झेपा घेत ठेका देई; हाइन्सने त्यात खंड पाडले; काउंट बेसीने तर दोन स्वरांवर भागवले, कारण ठेका धरण्यास त्याच्याजवळ खर्जवाद्य, गिटार आणि ढोल होते. १९४५ च्या सुमारास बड पॉवेलचा डावा हात मधूनमधून एखादा स्वरसंघ टाकण्यापुरता उरला. प्रवाह त्या दिशेने जात असताना ज्याचे सर्वस्व डाव्या हातात आहे असे वादन त्यात मिसळणार कसे? अ‍ॅमन्सच्या घरातच हा दुभंग दिसतो. त्याचा मुलगा जीन १९४४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, बिली एक्स्टाइनच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवू लागला. आधुनिक जाझची पाठशाळाच म्हणावी असा तो वाद्यवृंद होता. १९४७ मध्ये बापलेकांनी एकत्र ध्वनिमुद्रण केले, आणि १९४९ च्या डिसेंबरात, बेचाळिसाव्या वर्षी, बाप वारला.

डावा हात मात्र पियानोवरून उतरून चालू लागला होता. खर्जवाद्याने, ढोलाने, विजेच्या गिटारीने तो उचलला. चक बेरीच्या गिटारीवर, त्याच्या पियानोवादक जॉनी जॉन्सनच्या संगतीत, जी चाल ऐकू येते ती बॅरलहाउसमधलीच आहे. कॅन्सस सिटीच्या गुत्त्यातला जो टर्नर १९५४ मध्ये ‘शेक, रॅटल अँड रोल’ गाऊन गाजला, तेव्हा त्याचे गाणे ऐकणाऱ्या तरुणांना ते अगदी नवे, रॉक-अँड-रोल नावाचे संगीत वाटले. टर्नर मात्र १९३८ मध्ये जसा गात होता तसाच गात होता.

लुईस १९६४ मध्ये मिनिआपोलिस येथे मोटार अपघातात गेला. पीट जॉन्सन १९५० मध्ये बफेलो शहरात राहावयास गेला होता. लाट ओसरल्यावर वादनाची कामे मिळेनाशी झाली. १९५३ मध्ये काही महिने त्याने आइस्क्रीमच्या एका कंपनीच्या गाड्या धुण्याचे काम केले. १९५८ मध्ये त्याला पक्षाघात झाला. जानेवारी १९६७ मध्ये, पहिल्या जलशाच्या स्मरणार्थ, हॅमंडने कार्नेगी सभागृहात पुन्हा तसाच जलसा केला. टर्नरने आपल्या मित्राचा हात धरून त्याला रंगमंचावर आणले. ‘रोल एम पीट’ सुरू झाले. पियानोवर रे ब्रायंट हा तरुण वादक होता. तो बाजूला सरकला आणि त्याने डाव्या हाताची बाजू सांभाळली. जॉन्सनने कित्येक वर्षांत पियानोला हात लावलेला नव्हता. तो उजव्या हाताने वाजवू लागला. आरंभी बोटे अडखळली, मग चालू लागली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २३ मार्च १९६७ रोजी, तो बफेलोत मरण पावला.